लायसन भेटनं का, भाऊ?

पहलगामच्या बातम्या बघून तुम्ही ठरवलंत की आता रिव्हॉल्व्हर घ्यायचंच. उत्तम. देशावर एवढं संकट आणि तुमच्या कमरेला नुसतं मोबाइलचं पाकीट, हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला शोभत नाही. तेव्हा जिल्हाधिकारी कचेरीचा रस्ता धरा. वय २१ पूर्ण हवं, अर्ज नमुना ए-१, सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शरीर व डोकं दोन्ही ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. डॉक्टरांसमोर पाकिस्तानचा विषय काढू नका.

अर्जात परवाना कशासाठी हवा ते विचारतात. तिथं बेधडक लिहा : दहशतवादी. हा शब्द २०१६च्या शस्त्र नियमांत खरोखरच आहे. फक्त तो प्रतिबंधित बोअरच्या, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापाच्या हत्यारांच्या परवान्यासाठी आहे, आणि तो परवाना जळगावला नाही, दिल्लीला गृहमंत्रालयात मिळतो. अतिरेकी जिथं सर्वाधिक सक्रिय आहेत अशा भागात तुम्ही राहता, किंवा तुम्ही त्यांच्या डोळ्यांत सलता, असं काहीतरी दाखवावं लागतं. बांधावरून सलणारा चुलतभाऊ इथं धरत नाहीत.

पुढं पोलीस ठाण्याचा अहवाल. हवालदार गल्लीत येऊन चौकशी करतील आणि नेमके त्याच चुलतभावाला विचारतील. बांधावरच्या मारामारीची केस अजून चालू असेल, तर ती या कागदावर तुमच्याआधी हजर असते. अर्ज नामंजूर झाला तर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील करा. तोवर अतिरेक्यांनी दम धरावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

समजा, मिळाला परवाना. आता कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्या, सहा गोळ्यांचं. नऊ मिलिमीटर मागू नका, ते प्रतिबंधित. २६ नोव्हेंबर २००८ला सीएसएमटीवर आलेल्या दोघांकडे एके-४७ होत्या, प्रत्येक मॅगझिन ३० गोळ्यांचं, वर हातबॉम्ब. तुमच्या .३२चा नेम सरावाच्या माणसालासुद्धा पंधरावीस मीटरच्या पलीकडे भरवशाचा नाही. शिवाय मागचा घोडा आधी हातानं मागे न ओढता नुसता चाप दाबला तर तो एवढा जड लागतो की पहिली गोळी हमखास खाली जाते. सहा संपल्या की हत्यार मधोमध मोडायचं, रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडतात, मग नवी काडतुसं एकेक करून भोकात बसवायची. मे महिन्यातल्या घामेजल्या बोटांनी हे घरी एकदा करून बघा. दोन तरी काडतुसं कॉटखाली जातात.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ची नळी हातांनी धरून ठेवली आणि कसाब जिवंत सापडला. हा दाखला अर्जाला जोडू नका. त्यांच्या हातात लाठी होती.

बरं, मालेगाव धुळ्याहून तासाभरावर. २००६मध्ये तिथं बॉम्ब सायकलींवर होते. मुंबईच्या लोकलमध्ये त्याच वर्षी ११ जुलैला ११ मिनिटांत सात स्फोट झाले. नेम कोणावर धरायचा, हा प्रश्न हत्यार विकणाऱ्याला विचारू नका, तो बिलात बसत नाही.

ते जाऊ द्या, हत्यार मिरवायचं तर असतं! त्यासाठी चामड्याचं म्यान हवंच. भुसावळच्या ४५ अंशांत चामडं घाम पितं. आठवड्याभरात लोखंडावर तांबूस ठिपके आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवट कीट. गंज चढू नये म्हणून तुम्ही तेल ओताल. तेलाला आधी जिनिंगची धूळ चिकटेल, मग ते झिरपत काडतुसाच्या बुडाच्या टोपीत शिरेल आणि आतली बारूद मरेल. ऐन वेळी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. अशा वेळी नियम असा : नळी मोकळ्या दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं, गोळी उशिरानं सुटू शकते. अतिरेक्याला तेवढं समजावून सांगा.

हळदीच्या रात्री डीजेवर हात वर करून एखादी उडवायचा मोह होईल. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढ्यात मांडवाचं भाडं निघतं. आणि सातपुड्यापलीकडून स्वस्तात ‘सामान’ आणून देतो म्हणणारा कोणी भेटलाच, तर त्याचा खरा भाव ऐकून ठेवा : बिनपरवाना हत्याराला किमान दोन वर्षं, कमाल पाच. चुकीच्या नळीत चुकीचं काडतूस फुटलं तर बोटं वेगळी.

घरात चोर शिरला तर? भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ तुमच्यासाठीच आहेत. जिवाची भीती खरी हवी, इजा गरजेपुरतीच हवी. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर भीती कुणाची होती, ते कोर्ट ठरवील. हत्यार लगेच मुद्देमालात जमा होतं. पण गोळी घालण्याआधी ते हाती लागलं पाहिजे. ते कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली वहिनींकडे, आणि वहिनी वरणगावला माहेरी.

राहिली निवडणूक. आचारसंहिता लागली की कोणाची हत्यारं जमा करायची याची यादी निघते, आणि तुमचं नाव त्यात असतंच. रिव्हॉल्व्हर नीट पुसा, तेलाचा हलका हात द्या, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठाण्यात न्या. चुलतभाऊ चौकात विचारेल, “काय भाऊ, जमा व्हई गयं का?” हसून पुढं जा. पावती घेताना नंबर ताडून पाहा आणि काडतुसं मोजून लिहून घ्या. तुम्ही २५ दिलीत आणि कारकुनानं २४ लिहिली, तर पंचविसावं कुठं गेलं, हे सांगत पुढची निवडणूक येईल.