खिशात मोबाईल असला तरी किनाऱ्यावर खांबाचा फोन हवाच

समुद्रकिनाऱ्यावर इंटरनेटवरून चालणारे, एक बटण दाबून बोलायचे आपत्कालीन फोन बसवा, ही मागणी आमच्या दापोलीकडे निघाली आणि लगेच तिच्याविरुद्ध एक मेसेज ग्रुपवरून ग्रुपवर फिरू लागला. त्याचं म्हणणं असं: मोबाईल सगळ्यांकडे आहे, वीज गेली की हे फोन मेले, खाऱ्या हवेत ते गंजणार, आणि पोरं उगाच बटणं दाबणार. केबल आणि सीसीटीव्हीच्या कामावर माझं पोट आहे, म्हणून उत्तर देतो.

आधी मोबाईल. मागच्या मे महिन्यात कर्द्याच्या बाजूला एक मुलगा ओहोटीच्या ओढीत सापडला. त्याला बाहेर काढलं तेव्हा बहीण फोन लावत होती, पण ओल्या, वाळू चिकटलेल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. शेवटी लागला. कुठे आहात, असं पलीकडून विचारलं, तर ती म्हणाली, "मुरुड बीचवर." मुरुडं दोन आहेत! एक आमचं दापोलीचं, दुसरं रायगडातलं जंजिऱ्याजवळचं. लांब बसून फोन उचलणाऱ्याने कोणतं धरायचं? टॉवरवरून कळणारं ठिकाण गावाकडे किलोमीटरभरही चुकू शकतं. शेजारी उभ्या रिक्षावाल्याने फोन हातात घेऊन पत्ता सांगितला, म्हणून निभावलं.

खांबावरच्या फोनला आपला नंबर असतो आणि त्या नंबरासमोर जागा लिहून ठेवलेली असते. बटण दाबताक्षणी पलीकडे दिसतं, कर्दे, खांब तीन. रिसीव्हर नसतो, त्यामुळे छाती दाबणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि बोलणंही चालू राहतं. श्वास थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. त्यातली दोन पत्ता सांगण्यात घालवायची का?

विजेचा मुद्दा जुन्या लँडलाइनच्या आठवणीतून आलाय. तिला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून घरात अंधार असला तरी ती चालायची. या फोनलाही वीज वेगळी लागत नाही, नेटच्या केबलमधूनच येते. साध्या पद्धतीत फोनपर्यंत जेमतेम १३ वॅट पोहोचतात आणि तेवढ्यावर तो चालतो. म्हणजे बॅटरी एकाच ठिकाणी लागते, स्विचपाशी, म्हणजे जिथून सगळ्या फोनना नेटच्या केबल जातात त्या डब्यापाशी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखं काही आलं तर खांबांवरून येणारी नेटची फायबर केबल तुटेल, हे मी नाकारत नाही. पण तेव्हा मोबाईलसुद्धा कित्येक दिवस मुके होते. फायबर जमिनीखालून न्या, जोडीला सिमकार्डाचा राउटर ठेवा.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याने सोडून दिली. हा फोन ठरावीक वेळाने सर्व्हरकडे आपली हजेरी लावतो. हजेरी चुकली की देखभाल करणाऱ्याला सूचना जाईल अशी सोय करता येते. जुना लँडलाइनचा डबा सहा महिने मेलेला असला तरी कोणाला पत्ता नसायचा.

गंजाचं मात्र खरं आहे. केबलच्या टोकाच्या आठही पिना हिरव्या पडलेल्या मी कितीदा पाहिल्यात. म्हणून टेंडरमध्ये ३१६ चं, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणारं स्टील आणि आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, लिहून घ्या. ३०४ चं स्टील समुद्रापाशी लवकरच तांबूस डाग धरतं.

पोरं बटण दाबतील, चार दिवस. कोणता खांब ते कळतं, शेजारी कॅमेरा लावता येतो.

नेटची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते. जीवरक्षकांच्या शेडपासून सुरूच्या बनापर्यंत मी टेप धरून मोजलंय, ८४ मीटर भरतं. म्हणजे स्विच शेडमध्ये ठेवला तर बनापाशी फोन बसवता येतो.