इनॅमल वर, ॲक्रिलिक खाली: एका फिरत्या मेसेजला उत्तर

रणगाडे-विमानांची छोटी प्लॅस्टिक मॉडेल करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: लष्करी मॉडेल रंगवायचं तर इनॅमलच वापरा, ॲक्रिलिक म्हणजे पोरासोरांचे पाण्याचे रंग. (इनॅमल टर्पेंटाईनसारख्या द्रावकात पातळ होतो, ॲक्रिलिक पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये.) ते नखानं निघतात. मराठवाड्याच्या उन्हात त्यांचा निभाव लागत नाही. खऱ्या रणगाड्यांना इनॅमलच मारलेला असायचा. धूळ, गंज, चिखल दाखवायचं काम इनॅमलशिवाय होत नाही. वासाचं म्हणाल तर सवय होते. आणि शेवटी, ‘महागड्या डब्या कशाला मागवता, हार्डवेअरच्या दुकानातून डबा आणि थिनर आणा, तेच असतं.’ खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच.

यातलं धूळ-चिखलाचं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि तेच वाक्य बाकीचा मेसेज निकालात काढतं. त्याला वेळ लागेल, म्हणून आधी किरकोळ मुद्दे उरकतो.

खऱ्या रणगाड्याला इनॅमल होता म्हणून मॉडेललाही इनॅमल, हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्याला बूड नाही. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे गडद पिवळ्या रंगात कारखान्याबाहेर पडू लागले. वरचे हिरवे आणि तपकिरी पट्टे मारायला आघाडीवरच्या तुकड्यांना रंगाची पेस्ट दिली जायची. ती पेट्रोलमध्ये पातळ करायची, पेट्रोल नसेल तर पाण्यात. रशियातल्या हिवाळ्यात रणगाड्यांवर पांढरा धुऊन निघणारा रंग फासत, वसंतात तो काढता यावा म्हणूनच. आज अमेरिकी लष्कराच्या गाड्यांवर पॉलियुरेथेनचा थर असतो. मग आजचा अब्राम्स रणगाडा रंगवायला पॉलियुरेथेन आणायचा का? मॉडेलवर बघणाऱ्याला फक्त रंगछटा आणि पोत दिसतो. डबीत कोणतं रेझिन (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) होतं हे त्याला कळायला मार्ग नाही. छटेचं म्हणाल तर अस्सल नमुन्याशी तंतोतंत जुळवलेला रंगही छोट्या मॉडेलवर काळपट दिसतो, म्हणून बरेच जण त्यात थोडा फिका रंग मिसळतात. ही गरज दोन्ही प्रकारच्या रंगांना सारखीच.

आता ‘नखानं निघतो’. निघतो, हे मान्य. पण कधी? प्लॅस्टिक न धुता, प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी मारायचा थर) न मारता, व्हॅलेहोसारखा पाण्यावरचा रंग थेट ब्रशनं फासला, तर दुसऱ्या दिवशी कडेला नख लावलं की पापुद्रा सुटतो. साच्यातून सुटे भाग सहज निघावेत म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश स्प्रूवर (सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर) राहिलेला असू शकतो. शिवाय जोडणी करताना आपल्याच बोटांचं तेल लागतं. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात भाग जुन्या टूथब्रशनं घासा, वाळवा, प्रायमर मारा, मग रंग. एवढं केलं की मॉडेल हाताळायला काही हरकत नसते. इनॅमल कोऱ्या प्लॅस्टिकला जास्त चांगला धरतो, हा त्याचा खरा गुण आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पाण्यानं पातळ होतो म्हणजे पाण्यानं निघतो, हे चूक. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की रेझिनचे कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो. तो थर पाण्यात पुन्हा विरघळत नाही. विश्वास नसेल तर रंग वाळून कडक झालेला ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून बघा, मऊ होतो का.

इथे मेसेजनं आणखी एक गोंधळ घातलाय. सगळ्या ॲक्रिलिकला त्यानं एकाच दावणीला बांधलंय. तामिया कंपनीच्या एक्सएफ मालिकेतल्या ॲक्रिलिकच्या बाटल्या अल्कोहोलच्या द्रावकावर चालतात आणि एक्स-२०ए थिनरनं छान पातळ होतात. एअरब्रशमधून (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनातून) त्या सुरेख बसतात, पण ब्रशनं दुसरा हात मारायला गेलात की पहिला हात उचकटतो. व्हॅलेहोचं उलटं आहे, तो ब्रशसाठी अप्रतिम. पण त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं की रंगाचा चिकट लगदा होतो. एकाच्या वापराची रीत दुसऱ्याला लावायची आणि मग ‘ॲक्रिलिक बेकार’ म्हणायचं, असं बरेचदा होतं.

उन्हाचा मुद्दा जरा नीट घेतला पाहिजे, कारण तो अर्धा बरोबर आहे. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३च्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. अशा वेळी व्हॅलेहोचा थेंब पॅलेटवर टाकून ब्रश मॉडेलपर्यंत नेईस्तोवर ब्रशचं टोक घट्ट व्हायला लागतं. एअरब्रशच्या सुईच्या टोकाला रंगाची गाठ धरते आणि मग मधेच एक शिंतोडा उडतो. मोठा सपाट भाग ब्रशनं रंगवला तर ब्रशच्या रेघा तशाच राहतात, कारण रंगाला पसरून सपाट व्हायला वेळच मिळत नाही. इनॅमल तिथे सरस ठरतो. तो सावकाश वाळतो, त्यामुळे रेघा आपोआप मिटतात. ज्याच्याकडे एअरब्रश नाही आणि ज्याला अख्खी ट्रक ब्रशनं रंगवायची आहे, त्यानं इनॅमल वापरला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण ‘निभाव लागत नाही’ हे खोटं. थर एकदा बसला की ४४ अंशांनी त्याला काहीही होत नाही. मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, मऊ पडायला नव्वदच्या पुढे तापमान लागतं. उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मॉडेल ठेवलं आणि बारीक भाग वाकले, तर तो दोष रंगाचा नाही. अडचण आहे ती फक्त रंगवतानाची आणि तिला उपाय आहेत. पहाटे किंवा रात्री बसा. डबीत पसरट स्पंज, त्यावर पाणी आणि वर बेकिंग पेपर, असा ओला पॅलेट करा. रंगात रिटार्डरचा (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब घाला. कूलरसमोर मात्र बसू नका. हवा दमट होते हे खरं, पण तो झोत खोलीतली सगळी धूळ उडवतो आणि ब्रशवरचा रंगही वाळवतो.

आणि पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. स्टीलच्या पिंपावर पांढरे चट्टे कसले धरतात ते प्रत्येक घरात माहीत आहे. त्याच पाण्यानं रंग खूप पातळ केला, विशेषतः वॉशसाठी (फटींत मुरवायच्या अगदी पातळ रंगासाठी), की वाळल्यावर खोलगट जागी पांढुरकी पुटं दिसू शकतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. एक कॅन पुष्कळ दिवस पुरतो. (ॲक्रिलिकचे ब्रश धुण्यात पाणी वाया जातं, असंही एकानं त्या मेसेजखाली लिहिलं होतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या माणसानं हे म्हटलं तर त्याला हसू नये. पण दोन ब्रश धुवायला अर्धा पेला पुरतो.)

उन्हाच्या हिशेबात इनॅमलची बाजूही बघायला हवी. वरवर वाळायलाच त्याला काही तास लागतात, आतून कडक व्हायला काही दिवस. तोवर आपल्या वाऱ्यातली धूळ त्यावर बसतच राहते. एकदा उघडलेल्या डबीत, झाकण जरा सैल राहिलं तरी, दुधावर साय धरावी तसा रंगावर पापुद्रा येतो, कारण इनॅमल हवेतल्या ऑक्सिजननं घट्ट होतो. हम्ब्रोल कंपनीच्या इनॅमलची डबी १४ मिलिलिटरची, त्यातला किती रंग मॉडेलवर जातो आणि किती पापुद्र्यात, ते वापरणाऱ्याला विचारा. शिवाय ज्वालाग्राही माल म्हणून अशा डब्या पाठवायला कुरिअरवाले कुरकुर करतात. पाण्यावरच्या बाटल्यांना तो त्रास नाही. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याला हा फरक जाणवतो.

आता मेसेजमधल्या खऱ्या वाक्याकडे. उदाहरण घरचंच घेऊ. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जे. एन. चौधरींचं सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. त्या सैन्यात शर्मन रणगाडे होते. मुक्तिसंग्राम दिनाच्या, १७ सप्टेंबरच्या, आगेमागे शाळेच्या प्रदर्शनासाठी किंवा हौसेनं १:३५ चा शर्मन करणारे आपल्याकडे आहेत. हा रणगाडा कोरा हिरवा ठेवला तर खेळण्यातला वाटतो. त्यावर पावसाळ्यातला रस्ता दिसला पाहिजे: काळ्या मातीचा चिखल, वाळल्यावर राखाडी पडलेला, चाकांच्या जोड्यांत, बोल्टांभोवती, मडगार्डच्या आतल्या बाजूला.

हे काम इनॅमल आणि तैलरंगांतच जमतं, हे मेसेजचं म्हणणं मी जवळपास मान्य करतो. शर्मनच्या एका बाजूला चाकांच्या तीन जोड्या असतात. एका जोडीच्या चौकटीवर बोल्टची बारीक डोकी आहेत. पातळ केलेला गडद तपकिरी इनॅमल वॉश बारीक ब्रशच्या टोकावर घेऊन बोल्टच्या बुडाशी नुसता टेकवायचा. रंग आपोआप बोल्टभोवती फिरतो आणि फटीतून पुढे सरकतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग चपटा ब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवून, टिश्यूवर जवळजवळ कोरडा पुसून, उतरत्या दिशेनं हलकेच ओढायचा. जास्तीचा रंग निघतो, फटीतला राहतो आणि ओघळ पावसाच्या दिशेनं उमटतात. ओघळ आवडला नाही तर पुसून पुन्हा करता येतो. ॲक्रिलिक वॉशनं हे करून बघा. पाच मिनिटांत कडा धरते आणि पाण्याच्या डागासारखं वर्तुळ राहतं.

पण टर्पेंटाईनचा तो ब्रश ज्या रंगावरून फिरला, तो रंग कशाचा होता? इनॅमलचा असेल, पूर्ण मुरलेला नसेल, आणि मध्ये संरक्षक थर नसेल, तर वॉशबरोबर खालचा ऑलिव्ह ड्रॅबही (लष्करी हिरवा) मऊ होऊन ब्रशवर येणार. बोल्टच्या डोक्यावर आधी चकाकी येते, मग तिथला हिरवा निघतो आणि खालचं प्लॅस्टिक डोकावतं. खाली तामियाचा एक्सएफ-६२ किंवा व्हॅलेहो असेल तर टर्पेंटाईन त्याला सहसा हात लावत नाही. वरचा हवा तितका पुसा, खालचा जागच्या जागी. त्यात ॲक्रिलिकचाच एक ग्लॉस क्लिअर कोट (चकचकीत पारदर्शक थर) मध्ये मारला तर वॉश फटींमधून अधिक छान धावतो आणि सपाट भागावर डाग धरत नाही.

म्हणजे इनॅमलचा सगळ्यात मोठा गुण वापरायचा असेल तर खाली इनॅमल नको. अनेक मुरलेले मॉडेलवाले आज खाली ॲक्रिलिक किंवा लॅकर (तीव्र द्रावकातला, झटपट वाळणारा रंग) आणि वर इनॅमल-तैलरंग असंच काम करतात. त्या मेसेजवाल्यानं जे वॉश बघून हा निष्कर्ष काढला, त्यांच्या खाली बहुधा ॲक्रिलिकच असणार.

तैलरंगाचा खर्च वाचवायचा असेल तर कॅमलिनच्या आर्टिस्ट ट्यूब चालतात. जाड पुठ्ठ्यावर काढून काही तास ठेवल्या की जास्तीचं तेल पुठ्ठा शोषतो, मग टर्पेंटाईनमध्ये पातळ करायच्या. काळ्या मातीसाठी बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा घाला. वाळलेल्या धुळीसाठी त्यातच पांढरा आणि चिमूटभर पिवळा ऑकर.

वासाच्या सवयीबद्दल दोनच वाक्यं. द्रावकाची वाफ नाकाला सवय झाली म्हणून निरुपद्रवी होत नाही, आणि प्रदर्शनाचं मॉडेल बहुतेक वेळा शाळकरी पोरगं घरात, दार लावून, लाईट गेल्यावर पंख्याविना करत असतं. ॲक्रिलिकला वास कमी म्हणून एअरब्रश मारताना मास्क काढायचा नसतो, कारण हवेत उडालेला बारीक रंग फुप्फुसात जायचा तो जातोच.

राहिला हार्डवेअरचा डबा, आणि मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच आहे. गेटाला आणि खिडकीच्या गजांना मारायचा सिंथेटिक इनॅमल जाड थर बसावा म्हणूनच बनवलेला असतो. तोच थर १:७२ च्या विमानावर नेला तर ०.१ मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरहून जास्त लेप झाला. पॅनलच्या रेघा आणि रिव्हेट बुजून जातात. चकाकी तर लष्करी वाहनाला मुळीच नको असते. तरीही कोणाला हौस असेल तर लाकडी स्टँड रंगवायला तो डबा चांगला आहे.

पण डब्यापेक्षा थिनरनं जास्त नुकसान होतं. दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हातात पडतो. तो लाकडाच्या पॉलिशसाठी असतो, आणि त्यात टोल्युइनसारखी द्रावकं असतात, जी पॉलिस्टायरीन विरघळवतात. शर्मनच्या टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) तो लागला की पृष्ठभाग आधी चिकट होतो, मग ओतीव धातूसारखा खडबडीत पोत नाहीसा होतो, आणि पातळ भाग असेल तर तो गळून वाकतो. इनॅमल वॉश पातळ करायला आणि पुसायला मिनरल टर्पेंटाईन मागा, त्याच नावानं मागा आणि बाटलीवरचं नाव वाचून घ्या. सुट्ट्या कॅनमधून ओतून देत असतील तर घेऊच नका. घेतलंच, तर आधी स्प्रूच्या टाकाऊ तुकड्यावर एक थेंब टाकून तासभर थांबा, आणि तुकडा चिकट लागला तर ती बाटली मॉडेलपासून लांब ठेवा.