नाणी घासू नका रे!

गेल्या रविवारी आतेभावाने फोटो पाठवला. स्टीलच्या ताटलीत एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं जुनं नाणं, नुकत्या सोललेल्या तांब्याच्या वायरीसारखी गुलाबी चकाकणारी. खाली लिहिलेलं, "दादा, बघ कशी लख्ख केली! चिंच, मीठ आणि तारेची घासणी." डोक्यात तिडीक गेली माझ्या. अरे, ते नाणं आहे, देवघरातलं ताम्हण नाही!

ती शिवराई आमच्या पणजोबांच्या पत्र्याच्या डब्यातली. दिवाळीत मी ती भिंगाखाली धरून पाहिली होती. गडद चॉकलेटी रंग, एका बाजूला हिरवट झाक, कडेला ठिपके, एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. 'ति'ची वेलांटी अगदी स्वच्छ दिसत होती. आता तिथे नुसता गुळगुळीत फुगवटा आहे आणि त्यावर घासणीचे शेकडो बारीक ओरखडे.

एका वेलांटीचं एवढं काय, असं तो मला विचारतो! 1674 साली राज्याभिषेकानंतर शिवराई पडायला लागली आणि पुढे पार पेशवाईतही पडत राहिली. बहुतेक शिवराई नाण्यांवर साल नसतं. मग कुठली जुनी, कुठली उशिराची, हे ओळखायचं कशावरून? अक्षराच्या वळणावरून, 'शिव' कसं लिहिलंय त्यावरून, ठिपक्या-रेघांवरून. तेवढाच पुरावा हातात असतो, आणि तोच तुम्ही चिंचेच्या कोळात बुडवता. तांब्यावरचा तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे. शंभर-दोनशे वर्षांत हवेने, ओलाव्याने धातूवर धरलेलं ते कवच असतं. आम्लाने ते विरघळतं, खालचं कोरं तांबं उघडं पडतं आणि चार महिन्यांत डागाडागांनी काळवंडतं. मूळचा रंग काही केल्या परत येत नाही. नाणं ओळखणारा माणूस असं घासलेलं नाणं एका नजरेत ओळखतो आणि बाजूला सारतो.

हा एकटा असता तर गप्प बसलो असतो. पण नाणी जमवायला नुकता लागलेला जो भेटतो तो हेच करून आलेला! कुणी व्हिक्टोरिया राणीचा रुपया टूथपेस्टने घासतो. 11.66 ग्रॅमचं, जवळपास 92 टक्के चांदीचं सुंदर नाणं, आणि राणीच्या केसांच्या बटा सपाट! कुणी सोनाराकडे नेऊन त्याला कडी डाखवून आणतो आणि वर विचारतो, "किती येतील?" एकाने तर निकेलचे जुने रुपये फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवले होते, खाली स्केचपेनने सालं. आणि ते स्वस्तातले मऊ प्लॅस्टिकचे अल्बम! वास येणाऱ्या त्या पीव्हीसीच्या कप्प्यांत तांब्याची नाणी वर्षानुवर्षं ठेवली की त्यांवर हिरवा चिकट थर चढतो. मग तो काढायला पुन्हा घासाघाशी!

वैष्णोदेवीचं 5 रुपयांचं नाणं लाखाला जातं म्हणून फोन करणाऱ्यांना तर उत्तर द्यायचाही कंटाळा आलाय. 2012 सालचं साधं चलनी नाणं ते. आपल्या नावाने असल्या खरेदी-विक्रीत कमिशन मागणाऱ्यांना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये स्वतः बजावलं. तरी लोक पैसे भरतात. आणि 1818 सालचं, रामदरबाराचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं घेऊन येणाऱ्यांनो, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं!

पण ती फसवणूक दुसऱ्याने केलेली. खरी शिवराई आपल्याच हाताने मारायची, याचा संताप वेगळाच. काही करू नका ना! माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, मऊ कापडावर टिपा, चोळू नका. धरताना कडेने धरा, बोटाचा घाम नाण्याच्या दोन्ही बाजूंना लागू देऊ नका. एवढं जमत नसेल तर डब्यात होती तशी राहू द्या, दीडशे वर्षं राहिलीच होती ना ती?

फोटो बघून मी आतेभावाला लगेच फोन लावला. म्हणाला, "बाकीच्या अकरा पण भिजत घातल्यात, रात्री घासतो." गाडी काढली आणि तडक त्याच्याकडे गेलो. वाडग्यातून एकेक बाहेर काढली, नळाखाली चिंच धुतली, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये घातल्या. सात बऱ्यापैकी वाचल्या. चारांच्या कडा गुलाबी झाल्यात. आत्या चहा घे म्हणत होती, पण मला एक शब्द बोलवेना.