स्किपवेटिंग सरसकट नको

सर्व्हिस वर्कर म्हणजे ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी, पानाच्या रिक्वेस्ट हाताळणारी स्क्रिप्ट. त्यावरच्या लेखात सल्ला आहे: 'इन्स्टॉलमध्ये स्किपवेटिंग, ॲक्टिव्हेटमध्ये क्लायंट्स-क्लेम लिहा, काम झालं'. म्हणजे बसवण्याच्या टप्प्यात नव्या वर्करला न थांबता पुढे जायला सांगा आणि सुरू होताना उघडी पानं लगेच ताब्यात घ्यायला सांगा. हा सल्ला पहिल्या भेटीपुरता ठीक आहे. क्लेम नसेल तर सर्व्हिस वर्करची नोंदणी करणारं पान पुन्हा लोड होईपर्यंत त्याच्या ताब्यात येतच नाही. खरी गोची अपडेटच्या वेळी होते. उघडं पान जुन्या कोडवर चालू असतं, पण त्याच्या रिक्वेस्ट नवा वर्कर हाताळू लागतो. त्याने जुना कॅशे (ब्राउझरमध्ये साठवलेल्या फाइल) पुसला आणि पानाला लागणारी जुनी फाइल सर्व्हरवरूनही गेली असेल, तर पान मध्येच मोडतं. मी यात दोन रात्री घालवल्यात! आता नव्या वर्करला वेटिंगमध्येच (जुना चालू असेपर्यंत थांबलेला) ठेवतो, वापरणाऱ्याने 'अपडेट करा' दाबलं की मगच स्किपवेटिंग, आणि कंट्रोलरचेंज (पानाचा ताबा नव्या वर्करकडे गेल्याचा इव्हेंट) आला की एकदाच रीलोड. नुसत्या रिफ्रेशने वेटिंगमधला वर्कर पुढे सरकत नाही, हेही लेखात यायला हवं होतं.