घर जपायचे म्हणजे संग्रहालयच करायचे का?

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे ११२, मर्सर स्ट्रीट हे साधे लाकडी घर आहे. आल्बर्ट आइन्स्टाइन १९३५ पासून १९५५ मध्ये निधन होईपर्यंत तेथे राहिले. आपल्या मागे या घराचे संग्रहालय होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती व ती पाळली गेली. १९७६ मध्ये घराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तरीही ते राहते घरच राहिले; पुढे नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक विल्चेक यांनीही काही वर्षे तेथे संसार केला.

हे कोल्हापुरात सांगण्याचे कारण असे की, वाडा वारसा यादीत गेला म्हणजे भिंतीत खिळा ठोकण्याचीही चोरी, अशी धास्ती आपल्या पेठांतील वाडामालकांच्या मनात पक्की बसली आहे. ती अगदीच निराधार नाही. दुरुस्तीचा खर्च मालकाने सोसायचा आणि अभिमान मात्र गावाने मिरवायचा, हा व्यवहार कोणाला परवडेल?

दुसरे टोक मुंबईत दिसले. होमी भाभा यांचा मलबार हिलवरील ‘मेहरांगीर’ बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना लिलावात विकला गेला. त्याचे स्मारक व्हावे म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी २०१६ मध्ये तो पाडला गेला. विक्रीचा पैसा एका कलासंस्थेला मिळाला, त्यामुळे विकणाऱ्यांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. पण लिलाव तोंडावर आल्यावर सुरू झालेली धावपळ बहुधा अशीच संपते.

राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान असलेला कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस आपण जपला, हे योग्यच झाले. मात्र जयंत नारळीकर कोल्हापुरातच १९ जुलै १९३८ रोजी जन्मले, त्यांचे वडील गणितज्ञ विष्णु वासुदेव नारळीकर आणि मामा, संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार, हेही कोल्हापूरचेच, याची एकही ठळक खूण रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही. (तालमींचा इतिहास मात्र आपल्याला तोंडपाठ असतो.)

महापालिकेने अशा घरांची नोंद आताच, घरमालकांना सोबत घेऊन करावी. दर्शनी भाग राखण्याच्या बदल्यात घरफाळ्यात भरीव सवलत द्यावी, जुन्या लाकूडकामाच्या दुरुस्तीला अनुदान द्यावे आणि आत कसे राहायचे, हे त्या कुटुंबावर सोडावे. मूळ वास्तू आधीच पडली असेल, तर तेथील अपार्टमेंटच्या फाटकाशी नाव आणि कार्य सांगणारा फलक लावायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.