अनामत कुणाच्या खिशात?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाड्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: 'भाडेकरूला हक्क दिले की घर हातचं गेलंच म्हणून समजा.' केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा आणला. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेऊ नये, असं त्यात म्हटलंय. एकाने ग्रुपवर त्याची आठवण काढली, तर बाकीचे त्याच्यावर तुटूनच पडले.

मालकांची भीती उगाच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना आणि पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या घरांच्या) इमारती खचत गेल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं म्हटलं. म्हणून आज सगळा भर ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. त्यात राहणाऱ्याला फक्त राहायची परवानगी असते.

मी म्युनिकमध्ये भाड्याने राहते. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक असेच राहतात. करार सहसा बेमुदत असतो. घर परत हवं असेल तर मालकाला लेखी कारण द्यावं लागतं, उदाहरणार्थ घरच्या कुणाला तिथे राहायचंय, आणि किमान तीन महिन्यांची नोटीस. भाडेकरूला आठ वर्षं झाली असतील तर नऊ महिन्यांची. तरीही मालक बुडत नाही, कारण भाडं गोठलेलं नाही. परिसरातल्या भाड्याच्या पातळीपर्यंत ते वाढवता येतं, फक्त तीन वर्षांत २० टक्क्यांहून जास्त नाही. टंचाईच्या शहरांत १५. दोन महिन्यांचं भाडं थकवलं तर तडकाफडकी करार रद्द करता येतो.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती अनामतीची व्यवस्था. जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, तेही तीन हप्त्यांत देता येतं. हे पैसे मालकाने स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवायचे आणि व्याज भाडेकरूचं. घर ताब्यात घेताना दोघं मिळून खोलीखोलीतून फिरतात. मीटरचे आकडे, चाव्या किती, स्वयंपाकघरातल्या फरशीला तडा कुठे, बाथरूमच्या दाराला ओरखडा कुठे, सगळं कागदावर उतरतं आणि खाली दोघांच्या सह्या. सोडताना तोच कागद समोर. ओल दिसली आणि भाडेकरूने वेळेत कळवलं नाही, तर नुकसान त्याच्या माथी.

माझ्या भाच्याने पुण्यातला फ्लॅट सोडला तेव्हा मालकाने रंगकामाचे म्हणून अनामतीतून एका महिन्याचं भाडं कापून घेतलं. तो राहायला आला तेव्हाही भिंती जुन्याच होत्या, पण तसं लिहिलेलं कुठेच नव्हतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये सांगून टाकलं की घर रंग न देता सोपवलं असेल आणि त्याची भरपाईही दिली नसेल, तर रंगाचं ओझं करारातल्या कलमाने भाडेकरूवर टाकता येणार नाही.

म्हणून जर्मनीचं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. म्युनिकमध्ये घर मिळवणं हा छळ आहे. आत बसलेला सुरक्षित, म्हणून तो हलत नाही, आणि नव्याने आलेला महिनोन्‌महिने अर्ज करत राहतो. परकं आडनाव असलं की उत्तरं आणखी कमी येतात. बेमुदत कराराची ही किंमत आहे आणि ती आपल्या शहरांतल्या नवख्या पोरांना परवडणार नाही.

अनामतीचं तसं नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, ताबा, हा तुलनेने झटपट मार्ग मालकाला त्याच कायद्याने दिला आहे. अडकलेल्या अनामतीसाठी भाडेकरूला तसा मार्ग नाही. पन्नास हजारांसाठी वकील कोण लावणार? दोन महिन्यांची मर्यादा, नोंदणीच्या वेळीच कराराला जोडलेली घराच्या स्थितीची सही केलेली यादी, आणि अनामतीचे तंटेही त्याच प्राधिकाऱ्याकडे. एवढं केल्याने कुणाचंही घर जात नाही.