मालिका कोणी बघत नाही म्हणे!

एक मजकूर सध्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. आमच्या वाडीच्या ग्रुपवर तो पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. मजकूर थोडक्यात असा: टीव्हीचा धंदा आकसतोय. टीव्ही मालिकांचे दिवस भरले. टीआरपी कोसळले. मोबाईल आणि ओटीटीने प्रेक्षक पळवला. आता बघतात त्या फक्त घरातल्या म्हाताऱ्या बायका. पूर्वीच्या मालिका दर्जेदार होत्या, आताच्यांत नुसतं पाणी घालतात, म्हणून लोक वैतागले. आणि शेवटी आम्हा कोकणवाल्यांसाठी खास शेपूट: मालिकांनी कोकणाला भुताखेतांचा मुलूख म्हणून बदनाम केलं, तेव्हा कोकणी माणसाने त्या कधीच सोडल्या.

यातलं एखादं वाक्य खरं आहे. त्याच्या आडून बाकीची खपवली जातात, म्हणून हा खटाटोप.

टीआरपीपासून सुरुवात करू, कारण आकडा दिसला की माणसं गप्प बसतात. टीआरपी कोसळले म्हणजे कधीच्या तुलनेत? आज ही मोजणी बार्क ही संस्था करते. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त निवडक घरांत मीटर बसवलेले असतात, त्यावरून अख्ख्या देशाचा अंदाज बांधला जातो. ही मोजणी २०१५ साली सुरू झाली आणि त्यात खेड्यांतली घरं आली ती त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून. त्याआधी जे टीआरपी छापून यायचे ते मुख्यतः मोठ्या शहरांचे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार लाखभर वस्तीचं एकही शहर नव्हतं. खुद्द रत्नागिरी शहर पाऊण लाखाच्या आसपास. म्हणजे माणगाव खोऱ्यात किंवा गुहागरात रात्री आठ वाजता अख्खं घर टीव्हीपुढे बसायचं, त्या सुवर्णकाळात त्या घराची नोंद कुठेच होत नव्हती. जे कधी मोजलंच नाही ते घसरलं हे कशावरून ठरवलं?

शहरांपुरतं बोलायचं तरी हिशेब नीट मांडायला हवा. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आताची कलर्स मराठी). बरीच वर्षं मराठी मालिका बघायची तर मुख्यतः या दोन वाहिन्या आणि दूरदर्शन, असा मामला होता. मग २००८ मध्ये स्टार प्रवाह, २०१८ मध्ये सोनी मराठी, २०२१ मध्ये सन मराठी. आठच्या ठोक्याला आता पाच ठिकाणी पाच मालिका लागतात. एकेकीचा आकडा लहान दिसणारच. एकीचा आकडा उतरला म्हणून सगळ्या मिळून कमी बघितल्या जातात, असं होत नाही.

आता मोबाईल. "मोबाईलने प्रेक्षक पळवला" हे वाक्य लिहिणाऱ्याने मे महिन्यात कोकणातल्या एखाद्या पडवीत डोकावून बघावं. आमच्या शेजारच्या घरात त्या दिवसांत रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, काम असतं. काकी पाटावर बसून रातांबे फोडतात, गर-बिया एका टोपात, साली दुसऱ्यात. समोर पाण्याचा तांब्या, त्याला टेकवून उभा केलेला मोबाईल, त्यावर कालचा भाग. काल रात्री साडेआठला लाईट गेली होती आणि नेमकं लग्नाच्या मांडवात कोण आलं ते राहून गेलं होतं. हात लालभडक, चिकट. जाहिरात आली की काकी मनगटाच्या हाडाने पडद्यावर टोचतात. कधी ती पुढे जाते, कधी भलताच व्हिडिओ लागतो, मग आतून नातवाला हाक. वाहिन्यांनी आपापली ॲप काढली, जिओ २०१६ च्या सप्टेंबरात आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि काल हुकलेलं आज दुपारी बघायची सोय झाली. पैसे भरणाऱ्यांना तर काही ॲपवर टीव्हीच्या आधीच भाग मिळतो. काकींनी दुपारी एक वाजता बघितलेला तो भाग टीआरपीत शून्य. घरातल्या टीव्हीवर जे लागतं तेवढंच त्यात धरतात.

आमच्याकडे याला आणखी एक कारण आहे, ते शहरातल्यांच्या लक्षात येत नाही. पाऊस. छपरावरच्या छत्रीकडे उपग्रहाकडून येणारे संकेत ज्या लहरींवर येतात त्या मुसळधार पावसात विरतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरून आलं की पडद्यावर "सिग्नल नाही" अशी पाटी. वर महावितरणची कृपा वेगळी. २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे आणि त्याच्या पुढच्या वर्षी तौक्तेत आमच्याकडे काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळ्याचे चार महिने टीव्हीवर भरवसा ठेवता येत नाही तिथे प्रेक्षक मोबाईलकडे वळला, तर त्याने मालिका सोडली म्हणायचं की मालिका सोडायची नाही म्हणून वाट काढली म्हणायचं?

"फक्त म्हाताऱ्या बायका बघतात" यावर फार शब्द खर्च करत नाही. प्रत्येक घरात ओटीवर बसून पेपर वाचणारा एक पुरुष असतो. त्याला विचारा, तो म्हणेल, "माका काय करूचा त्या मालिकेशी? तुमी लावलास म्हणान कानार पडता." आणि पाच मिनिटांनी पेपराच्या मागूनच आवाज येईल, "खोटा बोलता ती. कागदां तिनाच लपवल्यान." तरुण पोरं तासभर बसत नाहीत, हे मान्य. पण खलनायिकेचा एकेक संवाद, त्यावरचे विनोद, तिची नक्कल करणारे रील्स हे सगळं त्यांच्याच मोबाईलवर फिरतं. अख्खा भाग न बघताही गोष्ट कुठवर आली ते त्यांना ठाऊक असतं.

दर्जाबद्दलचं म्हणणं मात्र नीट बघायला हवं, कारण मजकूर तिथेच स्वतःच्या पायात पाय घालून पडतो. एकीकडे म्हणायचं, मालिका कोणी बघत नाही. लगेच पुढे म्हणायचं, पाणी घालून घालून वाढवतात. दोन्ही एकाच वेळी कशी खरी असतील? पाणी घालतात ते चालणाऱ्या मालिकेत. न चालणारी मालिका कोणी वाढवत नाही, गुंडाळतात. दैनंदिन मालिकेचं गणित साधं आहे: वाहिनी निर्मात्याला भागामागे पैसे देते आणि स्वतः जाहिरातींच्या सेकंदांवर कमावते. सेट उभा आहे, कलाकारांच्या तारखा बांधलेल्या आहेत, लोकांना चेहरे ओळखीचे झालेत. अशी मालिका बंद करून नवी उभी करणं म्हणजे नव्याने जुगार. म्हणून दर गुरुवारी आकडे आले की ज्या पात्रामुळे आकडा चढला त्याचे प्रसंग वाढतात, मेलेला माणूस परत येतो, ठरलेलं लग्न चौथ्यांदा मोडतं. माझ्यासारख्यालाही याचा कंटाळा येतो. एक जिना उतरायला तीन मिनिटं, तीन माणसांचे तीन-तीन वेळा दाखवलेले चेहरे, वर ढॅण ढॅण. तक्रार शंभर टक्के रास्त. पण ही तक्रार रोज बघणारा माणूसच करू शकतो. लग्न चौथ्यांदा मोडलं हे न बघणाऱ्याला कुठून कळणार?

आणि "पूर्वी असं नव्हतं"? कधी पूर्वी? दूरदर्शनवर तेरा भागांच्या साप्ताहिक मालिका असायच्या, तो काळ घ्यायचा तर ठीक. त्या आटोपशीर होत्या, कारण तेरा आठवड्यांची मंजुरीच आटोपशीर होती. पण रोजची मालिका आली तेव्हापासून लांबण आहेच. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. आज जी मंडळी जुन्या दर्जेदार मालिकांसाठी उसासे टाकतात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरात तेव्हा जेवणाची ताटं तिच्या वेळेप्रमाणे मांडली जायची. उलट हल्ली आकडा नाही आला तर वाहिन्या काही महिन्यांत पडदा पाडतात. एवढी घाई पूर्वी नव्हती, आणि यात नव्या लेखकांचं नुकसान होतं असं मला वाटतं; गोष्ट रुजायच्या आत उपटतात. त्यावर कोणी मजकूर लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.

आता ते शेपूट, कोकणाच्या बदनामीचं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, चित्रण आमच्याच भागात, आकेरीला. भुतं, करणी, खून, इस्टेटीची भांडणं. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले आणि त्यातला अर्धा भाग मला पटतो. शहरातला माणूस आधीच कोकण म्हटलं की मासे आणि भुतं एवढंच जाणतो, त्यात ही भर. पण पाठ कोणी फिरवली? पाठ फिरवली असती तर २०१९ च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं नसतं आणि २०२१ मध्ये तिसरं तर नाहीच नाही. अण्णा, शेवंता, पांडू ही त्यातल्या पात्रांची नावं सिंधुदुर्गात शेजाऱ्यापाजाऱ्यासारखी घेतली जात होती. आकेरीचा वाडा बघायला पर्यटक यायला लागले, त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायला लागले.

त्या मालिकेवर आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार भुतांबद्दल नव्हतीच, भाषेबद्दल होती. "आमच्या हयसर असा बोलणत नाय," "ह्यो शब्द वेंगुर्ल्याकडचो," "हेका मालवणी येणाच नाय." भाग संपला की घराघरांत उजळणी. दशावताराला बसणाऱ्या माणसांची ही सवय जुनीच आहे. जत्रेत रात्री उशिरा नाटक उभं राहतं, संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर आयत्या वेळी बोलले जातात, आख्यान पुराणातलं म्हणजे शेवट काय होणार ते पोराटोरांना पाठ. तरी माणसं कानटोपी घालून बसतात आणि दुसऱ्या दिवशी चर्चा करतात की काल संकासुर बरा झाला, राजा मात्र कमी पडला. गोष्ट आधीच माहीत असणं, ती लांबणं, मधेच कंटाळा येणं, यातल्या कशानेही हा प्रेक्षक उठून जात नाही. करणारा कसा करतो यावर त्याची नजर असते. मालिकेतला नट मालवणी चुकतो म्हणून चिडणारा माणूस मालिका सोडलेला माणूस नव्हे.

राहिलं ते खरं वाक्य. टीव्हीचा धंदा आकसतोय, यात वाद नाही. ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या आकडेवारीत पैसे भरून डीटीएच (छपरावरची छत्री) घेणारे ग्राहक २०२०-२१ च्या सुमारास ७ कोटींच्या आसपास होते, ते मार्च २०२५ अखेर ५ कोटी ७० लाखांच्या घरात आले. फिक्की ही उद्योग संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये उत्पन्नात डिजिटल माध्यमाने टीव्हीला पहिल्यांदाच मागे टाकलं. मजकूर लिहिणारा हे आकडे बघून थेट मालिकेवर उडी मारतो. मधली पायरी गाळतो, ती पैशाची. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत आली: तेव्हा आधी जोडणीचे १३० रुपयांपर्यंत अधिक कर, मग हव्या त्या सशुल्क वाहिनीचे वेगळे पैसे. ज्याला एक मालिका आणि बातम्या एवढंच बघायचं त्याने हिशेब केला आणि त्याला मोबाईलचा रिचार्ज बरा वाटला, कारण तो करायचाच असतो. काहींनी मासिक भाडं नको म्हणून फ्री डिश लावली, तिथे सगळ्या मराठी वाहिन्या येत नाहीत. आवडीनिवडीचा प्रश्न यात कुठेच आला नाही.

कोकणात तर त्याच्याही आधीची गोष्ट आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. माणसंच कमी झाली. ज्या घराचा टीव्ही बंद आहे त्या घराचं दारही बंद आहे. मुलगा बोरिवलीला किंवा विरारला, आई वर्षातले आठ महिने त्याच्याकडे, गावातल्या भिंतीवरच्या टीव्हीवर जुनी चादर. आमच्या बाजारातल्या रिचार्जवाल्याला विचारा, कनेक्शनं का बंद पडतात. मालिका आवडत नाही म्हणून बंद केलं असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटतं. "मुंबैक चललंव" म्हणून सांगणारी पुष्कळ भेटतात. तीच मंडळी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात ग्राहक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घेऊन त्याच्या दुकानात येतात, एक महिन्याचा पॅक मारायला सांगतात आणि मालिकेची वाहिनी त्यात आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारून घेतात.